ओंजळीची टाळी

“मामंजींचा गळा गेला आता. उद्या त्यांचा आवाज चिरला, की सगळ्यांनी दणकावून वाजवायचं. नेहमीसारखंच. लोकांना काही कळता कामा नये.”

थोरली जाऊ घरातल्या बाकीच्यांशी हे कुजबुजली, तेव्हा धाकटी सून पडद्यामागे बसून सासूबाईंच्या नाचाच्या जोड्यांना तेल लावत होती. नव्या सुनेचं असंच असतं. ती घरात आहे हे सगळे लवकर विसरतात, आणि मग तिला सगळं घर ऐकू येतं.

गोष्ट फार जुनी. तेव्हा राज्य कुणाचं होतं, हेही आता कुणाला सांगता येत नाही. समुद्रापलीकडे, जैतुनाच्या झाडांनी भरलेल्या टेकड्यांच्या मुलखात, नाचगाणं करणारं एक कुटुंब राहत होतं. त्यांच्या कलेला तिकडे फ्लामेंको म्हणतात. सासरे गात. सासूबाई लाकडी फळ्यांवर टाचा आपटून नाचत. थोरला मुलगा गिटार वाजवी. उरलेले अर्धगोलात बसून टाळ्यांनी ताल धरत. आजचा नाच उद्या तसाच होत नसे. पुढच्या क्षणी काय येणार, हे कुणालाच ठाऊक नसे. म्हणून प्रत्येकाने दुसऱ्याकडे कान लावून बसायचं, हीच त्यांची मोठी विद्या.

धाकट्या सुनेचं माहेर कुंभारांचं. तिला गाणं येत नव्हतं, नाच येत नव्हता. लग्न झालं त्याच आठवड्यात सासूबाईंनी तिला समोर बसवून दोन टाळ्या शिकवल्या.

“पाय बोलत असले, की बोटं तळहातावर मार. खणखणीत. गाणारा बोलत असला, की दोन्ही हातांची ओंजळ पोकळ धरून वाजव. आवाज आतल्या आत राहिला पाहिजे. गाण्याच्या अंगावर जायचं नाही.”

नव्या माणसाला तिथे साधा, मूळ ठेका देतात. जाणते लोक त्या ठेक्याच्या मधल्या जागांत आपापल्या टाळ्या बसवतात. मूळ ठेका सुनेला मिळाला. काम सगळ्यांत सोपं, आणि कौतुक सगळ्यांत कमी. सून शिकली. मग तिच्या लक्षात आलं, की घरात ती दुसरी, पोकळ टाळी कुणीच वाजवत नाही. पण विचारणार कशी? सासूने शिकवलेलं सासूलाच ऐकवलं, तर त्याला आगाऊपणा म्हणतात.

आज जाऊबाईंच्या बोलण्यावरून तिला उलगडा झाला. वर्षभरापूर्वी एका कार्यक्रमात मामंजींचा आवाज चिरला होता. तेव्हापासून सगळं घर त्यांना झाकत होतं. ते गायला लागले, की गिटार चढायची, टाळ्या चढायच्या, टाचा धडाडायच्या. सगळं मायेनेच.

दुपारी ती मामंजींना मधाचं कोमट पाणी द्यायला गेली. म्हातारा खिडकीशी बसला होता.

“सूनबाई,” तो म्हणाला, “पोरं काय जोमात आलीत गं! मी जीव खाऊन ओढतो, तरी त्यांच्या वर पोचत नाही. ओढलं की आवाज फाटतो. उद्याची जत्रा शेवटची. मग मी खाली लोकांत बसून ऐकणार. घरात बोलू नकोस हं, उगाच रडतील.”

आता सुनेकडे दोन गुपितं झाली. एकाच घरातली, एकाच भिंतीच्या दोन बाजूंची. दोन्हीकडे माया होती, आणि त्या दोन मायांमध्ये सापडून एका माणसाचं गाणं संपत होतं.

तिने नवऱ्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, “आई आणि वहिनी यांच्यामध्ये मला घालू नकोस बाई.” तिला फारसं नवल वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी, उन्हं कलताना, जत्रेच्या मैदानात फळ्या मांडल्या. सासूबाई नाचायला उभ्या राहिल्या आणि त्यांचं वय कुठल्या कुठे गेलं. टाचांखाली फळ्या गरजत होत्या. लोक आरोळ्या ठोकत होते. मग सासूबाईंनी एकदाच पाय आपटला आणि त्या थांबल्या. गाणाऱ्यासाठी ती हाक होती. आता तुम्ही.

मामंजी गाऊ लागले. गाण्यात एक आई बोटीवर गेलेल्या मुलाची वाट पाहत होती. तिसऱ्या ओळीला आवाज चिरला.

जाऊबाईंनी डोळ्यांनी खूण केली. टाळ्या चढल्या.

 सुनेने ठेका सोडला नाही. फक्त ओंजळ पोकळ केली.

“अगं वाजव की! हात झडले का?” जाऊबाई दातांआडून म्हणाल्या.

सून खाली मान घालून तशीच वाजवत राहिली. आता बाकीच्यांना मूळ ठेकाच ऐकू येईना. दोन टाळ्या एकमेकींवर आपटल्या. भर जत्रेत ताल जायची वेळ आली. ठेका शोधायला एकेकाला आपला हात हलका करावा लागला. जाऊबाईंनाही करावा लागला. गिटार खाली आली. सासूबाईंनी उचललेली टाच हवेत धरली, सुनेकडे एकवार पाहिलं, आणि ती आवाज न करता टेकवली.

आणि मग मामंजी ऐकू आले.

त्यांना आता कुणाच्या वर जायचं नव्हतं. ते ओरडले नाहीत. आवाज चिरलेलाच होता, पण त्या चिरेतून वाट पाहणारी आई बोलत होती. मासे विकणाऱ्या बाईने डोक्यावरची टोपली खाली ठेवली. गाणं संपलं तेव्हा कुणी आरोळी ठोकली नाही. फक्त गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “बाबा, उपकार झाले तुमचे.”

फळ्या आवरताना मामंजींनी सगळ्यांकडे पाहिलं. “आज किती दिवसांनी मीच मला ऐकू आलो. काय रे, तुम्ही सगळे दमला होतात का आज?”

 जाऊबाई रडायलाच लागल्या. “मामंजी, वर्षभर आम्ही तुमचा आवाज झाकत होतो हो!”

“आणि मला वाटत होतं, तुम्ही मला मागे टाकून पुढे गेलात!” म्हातारा हसला, मग त्याने डोळे पुसले. “आज गाणं सोडायचं ठरवून आलो होतो मी. नाही सोडत आता. पुढच्या जत्रेलाही गाणार. चिरला तर चिरला!”

सासूबाई सुनेकडे वळल्या. “तू मुद्दाम केलंस ना? बोल की. ‘हो’ आणि ‘वाढू का’ याच्यापलीकडे तुझा शब्द ऐकलेला नाही आम्ही.”

 सुनेने हातातली फळी खाली ठेवली.

“सासूबाई,” ती म्हणाली, “असं गाणं, असा नाच मी जन्मात पाहिला नव्हता. त्याच्या इतक्या जवळ मला बसवलंत, हे तुमचे उपकार मी विसरणार नाही. पण ज्याच्यावर आपली माया आहे, त्याचं उणं झाकायला आपला आवाज वाढवू नये. आपला आवाज कमी करून त्याचं ऐकावं.”