तेरड्याची परी आणि रेघेचा वसा

श्रावणात कुणी सोमवार धरतं, कुणी शुक्रवारी जिवतीला ओवाळतं, कुणी मंगळागौर जागवतं. समुद्राकाठच्या एका गावात वेणू नावाच्या आठ वर्षांच्या मुलीनं एका श्रावणात रेघेचा वसा घेतला होता. रोज एक चित्र काढायचं, चुकलं तरी फाडायचं नाही, आणि पौर्णिमेपर्यंत नेम चालवायचा. तिची ही कहाणी आहे, बाळांनो. मांडी घालून बसा आणि हुंकार द्या.

वेणूचं घर एवढंसं होतं. छपराला तीन ठिकाणी गळती, चुलीशी ओली लाकडं. घरात आई होती, पाळण्यात तीन महिन्यांचं बाळ होतं, बाबा मात्र नव्हते. बाबा दूर समुद्रातल्या बेटावर दीपगृहाचा दिवा सांभाळायला गेले होते. पावसाळ्याआधीचं शेवटचं गलबत बेटावर जाऊन आलं, आणि त्यानंतर चारच दिवसांनी बाळ जन्मलं. मग समुद्र खवळला, वाट बंद झाली. मुलगा झाला की मुलगी, हेसुद्धा बाबांना ठाऊक नव्हतं! आता नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला की गलबत पुन्हा बेटावर जाणार होतं.

"तांडेलकाका गलबत घेऊन जातील ना, ते सांगतील तुझ्या बाबांना," आई म्हणाली.

"काका म्हणतील मुलगा झाला. संपलं! झोपेत हसताना ह्याच्या गालावर खळी पडते, ती कशी सांगतील?"

"मग पत्र पाठवायचं?"

"बाबांना कुठे वाचता येतं गं! मी बाळाचं चित्र काढून पाठवणार."

आईनं तिच्याकडे पाहिलं. पोरीला दारात रांगोळी तेवढी सुरेख घालता यायची. पण आई हसली नाही. गावाबाहेर एका हिरव्यागार बागेत चित्रशाळा होती, आणि तिथे आई झाडलोट करायची. तिनं तिथल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "नवशिक्यांच्या वर्गात शेवटचा पाट रिकामा आहे. बसू दे तिला."

श्रावणाच्या पहिल्या दिवशी वेणू त्या पाटावर बसली आणि तिनं मनातल्या मनात आपला वसा घेतला.

बाईंनी मधोमध एक मडकं मांडलं. खिडकीतून येणारा सोनेरी उजेड त्याच्या गालावर पडला होता. "हात सैल सोडा गं. पेन्सिल लाटण्यासारखी आवळू नका. आधी आडव्या रेघा, मग उभ्या, मग गोल."

वेणूनं काय केलं असेल? तिनं कागदावर ठिपके मांडले. पाच ओळी, पाच ठिपके. रांगोळीत आधी ठिपकेच नसतात का? ते जोडून तिनं मडकं केलं. चौकोनी, टोकदार, एखाद्या पतंगासारखं.

शेजारच्या पाटावरची कुमुद खुदकन हसली. "अगं ए, हे मडकं आहे की तुळशीपुढची रांगोळी? आता हळदकुंकू वाहा त्याला!"

सगळा वर्ग हसला. वेणूचे कान लालेलाल झाले. कागद फाडायला तिचे हात शिवशिवले, पण वसा आठवला. तिनं कागद गुपचूप दप्तरात ठेवला.

बाई तिच्यापाशी वाकून हळूच म्हणाल्या, "तुला जे ठाऊक आहे ते तू काढलंस, राणी. आता जे दिसतंय ते काढ. आधी डोळ्यांनी, मग हातानं."

चार दिवस वेणू रेघा ओढत राहिली. रेघा कशा? पावसात भिजलेल्या गांडुळासारख्या!

पाचव्या दिवशी नागपंचमी होती. चित्रशाळेच्या कुंपणाशी तेरडा फुलला होता. गुलाबी, जांभळा, पांढराशुभ्र, लालचुटूक! पानापानावर पावसाचे टपोरे थेंब लकाकत होते. कुमुद त्यातलं सगळ्यांत गुलाबी रोप मुळासकट उपटायला निघाली. चित्रासाठी तिला ते पाटावर मांडायचं होतं.

"नको गं!" वेणू धावली. "आज नागपंचमी आहे. आज खणायचं नाही, उपटायचं नाही. मातीतल्या जिवांना त्रास होतो."

"आली मोठी शहाणी! पतंगवाली!" कुमुदनं वेणीला झटका दिला आणि ती निघून गेली.

वेणूनं हललेल्या रोपाभोवती माती अलगद चेपली. तेवढ्यात एक फूल थरथरलं, आणि त्यातून इवलीशी, बोटाएवढी परी बाहेर आली. तिचा झगा गुलाबी, पंख पारदर्शक, आणि डोळे दवाच्या दोन थेंबांसारखे लुकलुकणारे!

"अगंबाई, वाचले!" परी किणकिणत्या आवाजात म्हणाली. "माझं घरच उपटलं जात होतं. घे वेणू, या तीन पाकळ्या. एकेक पाकळी हातावर ठेवून मनातलं माग. पण माझा नियम ऐक. तेरड्याचा रंग तीन दिवस, असं मोठी माणसं म्हणतात ना? मी दिलेलं तीनच दिवस टिकतं. चौथ्या दिवशी ओसरतं."

वेणूनं ऐकलं, पण अर्ध्या कानानं. तिचं सगळं ध्यान त्या चमचमणाऱ्या पाकळ्यांकडे होतं. तिनं पहिली पाकळी हातावर ठेवली आणि म्हणाली, "माझ्या हातून सुंदर चित्र उतरू दे!"

आणि काय सांगू! तिची पेन्सिल पाण्यावरच्या हंसासारखी धावू लागली. मडकं काढलं तर उचलून पाणी भरावंसं वाटलं. पाळण्यापाशी बसून बाळ काढलं तर आता रडेल की काय असं वाटलं. बाई बघतच राहिल्या. कुमुदचं तोंड एवढंसं झालं. वेणू तीन दिवस हवेत तरंगत होती.

चौथ्या दिवशी सकाळी तिनं दप्तर उघडलं. बाळाच्या चित्राचा कागद कोराकरकरीत! मडक्याचाही कोरा. राहिली होती ती फक्त पहिल्या चार दिवसांची गांडुळं आणि तो पतंग.

वेणू आईच्या कुशीत शिरून हमसाहमशी रडली. परी, पाकळी, सगळं तिनं सांगून टाकलं. "आणि आई, माझा वसाही मोडला. तीन दिवस मी स्वतःच्या हातानं एक रेघसुद्धा ओढली नाही. आता सातच दिवस उरले."

आईनं पदरानं तिचे डोळे पुसले. "माझा सोळा सोमवारांचा नेम तुझ्या वेळी तापामुळे मोडला होता. मी देवाला हात जोडले आणि पुन्हा पहिल्यापासून धरला. देव काय पट्टी घेऊन बसतो होय गं? ऊठ, तोंड धू."

वेणू उठली. त्या दिवशी तिनं अंड्याएवढा एक गोल काढला. वाकडाच आला. पण तो तिचा होता.

दुसऱ्या दिवशी चित्रशाळेच्या पायरीवरच्या शेवाळावरून कुमुद घसरली. उजवा हात मुरगळला, मनगट वांग्याएवढं सुजलं. कुमुद दुखण्यापेक्षा जास्त दुसऱ्याच गोष्टीसाठी रडत होती. "माझी ताई सासरहून पहिल्या मंगळागौरीला येतेय. तिच्या हातावर मेंदी मीच काढीन, असं मी कबूल केलंय. दोन दिवसांसाठीच येतेय गं ती!"

वेणूच्या परकराच्या ओच्यात दोन पाकळ्या होत्या. तिला पतंग आठवला, हळदकुंकू आठवलं. पण कुमुदच्या गालावरून पाणी घळाघळा वाहत होतं. वेणूनं दुसरी पाकळी हातावर ठेवली आणि पुटपुटली, "कुमुदचा हात दुखायचा थांबू दे."

एक गुलाबी झुळूक आली, आणि कुमुदच्या मनगटाची सूज सर्रकन उतरली.

"तीनच दिवस हं," वेणूनं बजावलं. "मेंदी झाली की हाताला आराम दे. तोवर मुरगळ आतून बरी होत येईल."

कुमुदनं मनगट फिरवून पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाली, "मी तुला पतंगवाली म्हणाले ना गं..."

"पतंगच होता तो," वेणू म्हणाली, आणि दोघी खळखळून हसल्या.

मंगळागौर झाली. कुमुदच्या ताईचे दोन्ही हात मेंदीनं लालभडक रंगले. मग कुमुद रोज वेणूच्या घरी येऊ लागली. बाळाचं चित्र काढायचं म्हणजे थट्टा होती का? बाळ क्षणभर स्थिर राहील तर शपथ! डोळा काढावा तर मान वळे, मूठ काढावी तर ती तोंडात जाई. कुमुद डाव्या हातानं खुळखुळा वाजवी आणि म्हणे, "इकडे बघा राजे, इकडे! वेणूताईंचं नाक काढायचं राहिलंय!"

वेणूला शेवटी आपली रांगोळी आठवली. बाळ या बाजूला बघतंय तोवर तिनं पटापट ठिपके ठेवले. हा डोळा, हा कान, ही हनुवटी. मग बाळ खुशाल हलू दे! ठिपक्यांवरून जाते तशी तिची रेघ सावकाश गेली. उजेड खिडकीतून येत होता, म्हणून दुसऱ्या गालावर तिनं पेन्सिल हलकेच घासली, आणि गाल पुरीसारखा फुगला.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तिनं चित्र बाईंपुढे धरलं. एक डोळा किंचित वर गेला होता. कान जरा मोठा झाला होता. पण गालावर, ओठांच्या कडेला, इवलीशी खळी होती.

"ठिपके कुणी शिकवले?" बाईंनी विचारलं.

"आईनं. रांगोळीचे." वेणूची मान खाली गेली.

"मग आईला सांग, माझ्या वर्गात उद्यापासून सगळी मुलं अंदाजाचे ठिपके घेणार आहेत." बाईंनी खोडरबर हातात घेतला, पुन्हा खाली ठेवला. "हा डोळा मी सरळ करू शकते. पण मी हात लावणार नाही. हे बाळ तू पाहिलं आहेस."

नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावर सगळा गाव जमला. सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ झळझळत होता. पण वारा अजून सुटलेलाच होता. लाटा गलबताला पाळण्यासारख्या हेलकावत होत्या. तांडेलकाकांची बायको पूजेचं ताट घेऊन उभी होती, तिचे ओठ नुसतेच हलत होते.

"काका, किती दिवस लागतील?" वेणूनं चित्राची गुंडाळी त्यांच्या हाती देत विचारलं.

"जायला एक दिवस, सामान उतरवायला एक, यायला एक. दर्याच्या मनात असेल तर हो, पोरी!"

एक, दोन, तीन! वेणूचे डोळे चमकले. तिनं शेवटची पाकळी हातावर ठेवली. "दर्या शांत राहू दे. गलबतावरची सगळी माणसं घरी येऊ देत."

वारा थबकला. लाटा मांजरीच्या पिल्लासारख्या पाय चाटू लागल्या. निळंशार पाणी लखलखलं, आणि गलबत शीड फुगवून निघालं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गलबत परत आलं. तांडेलकाका गुडघाभर पाण्यातूनच ओरडत आले. "वेणू! अगं, तुझा बाप चित्र बघून आधी हसला, मग रडला, मग म्हणाला, कान माझा आहे! अस्सल माझा! सगळ्या दीपगृहाला दाखवून आला. तिथे माणसं दोनच, पण चार वेळा दाखवलं. आणि हे तुला दिलंय."

गोणीच्या जाड कागदाचा तुकडा होता. ज्या बाबांनी जन्मात पेन्सिल धरली नव्हती, त्यांनी दिव्याच्या काजळीनं, बोटानं चित्र काढलं होतं. वेड्यावाकड्या रेघांचं एक घर. दारात एक उंच माणूस, त्याच्या खांद्यावर बाळ, त्याचं बोट धरून एक मुलगी, शेजारी आई. आणि घरावर टांगलेला मोठ्ठा आकाशकंदील!

"आई," वेणूनं कंदिलावर बोट ठेवलं. "कंदील म्हणजे दिवाळी. बाबा दिवाळीला घरी येणार!"

 आईनं तो कागद बाळाला दाखवला, मग छातीशी धरला.

वेणू पळत पळत बागेत गेली. तेरडा ओसरत आला होता, पाकळ्या मातीवर गळल्या होत्या. परी एका फुगीर, हिरव्या बोंडावर बसली होती.

"परी, परी! बाबांनी चित्र काढलं! तू काढायला लावलंस ना?"

"मी? छे गं! मी दिलं असतं तर तीन दिवसांत पुसलं असतं." परी गोड हसली. "एक पाकळी तू स्वतःसाठी घेतलीस, दोन लोकांना दिल्यास. पण वसा मात्र तुझ्या हातानं चालवलास, तो टिकला. आता माझी वेळ झाली हं, वेणू. हळूच हात लाव बघू या बोंडाला."

वेणूनं बोट टेकवलं मात्र, टप्पकन बोंड फुटलं! बी चहूकडे उडालं, आणि प्रत्येक दाण्यासोबत उजेडाची एक ठिणगी. गुलाबी, जांभळी, रुपेरी! क्षणभर सगळी बाग लख्ख झाली. डोळे चोळून वेणूनं पाहिलं, तर परी नव्हती.

पुढच्या श्रावणात त्या कुंपणाशी दुप्पट तेरडा फुलला. वेणूचा पाट वर्गात सगळ्यांत पुढे आला, आणि शेवटचा पाट बाईंनी कुणा नव्या मुलासाठी रिकामा ठेवला.

तर बाळांनो, वेणूचा वसा तुम्हीही घ्या. जवळ कागद नसेल तर पाटीवर घ्या, पाटी नसेल तर अंगणातल्या मातीत घ्या. रोज एकच रेघ ओढा, पण आपल्या हातानं ओढा. चुकली तर फाडू नका, मोडला नेम तर हात जोडून पुन्हा धरा. आणि तुमचं कुणी दूर राहत असेल, वाट बघत असेल, तर आजच त्याच्यासाठी एक चित्र काढायला बसा.