केवलगिरींचा गुन्हा

“किती मारलीत?”

“कडाभर.”

मिरजकर वकिलांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण केवलगिरी महाराज समोरच्या उंच काळ्या कड्याकडं बघत होते आणि चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता.

वन्यजीवांसाठी नवा कायदा करायला दिल्लीत समिती बसली होती. मसुदा मिरजकरांच्या हातचा. लोकांकडून सूचना मागवल्या, तेव्हा पत्रांच्या ढिगात एक पोस्टकार्ड निघालं. सह्याद्रीतल्या कुठल्याशा आडबाजूच्या मठातून आलेलं. दोनच ओळी : ‘मी गिधाडं मारली आहेत. तुमच्या कायद्यात मला कुठलं कलम लागेल?’

समितीत हशा पिकला. मिरजकर हसले नाहीत. आपल्या मसुद्यात एखादा गुन्हेगार बसणार नाही, असं कुणी सुचवावं, हेच त्यांना सोसेना. ते गाडी करून आले, शेवटचा कोसभर डोंगर चढले आणि आता मठाच्या ओसरीवर घाम पुसत बसले होते.

मठ म्हणजे एक झोपडी आणि मागं लांबलचक गोठा. गावोगावची लोकांनी सोडून दिलेली म्हातारी, लंगडी गुरं तिथं मरेपर्यंत राहत. महाराज त्यांचं करत. चाळीस वर्षं तेच.

“बंदुकीनं मारलीत?”

“नाही.”

“फासे लावून?”

“नाही.”

“मग विष घालून.”



“तेव्हा त्याला कुणी विष म्हणत नव्हतं...”

मिरजकरांनी पिशवीतून मसुदा काढला. शिकारीची व्याख्या त्यांनी एकवीस वेळा लिहून काढली होती. ती त्यांनी मोठ्यानं वाचली. मारणं, पकडणं, जखमी करणं, विष देणं, हाकून नेणं, घरटं मोडणं, अंडी फोडणं. यातलं काहीही करण्याचा प्रयत्न करणं.

“यातून कुणी सुटत नाही, महाराज.”

“मेहनत घेतलीय तुम्ही,” महाराज म्हणाले.

तेवढ्यात गोठ्यातून हंबरडा आला. महाराज उठले. मिरजकरही मागोमाग गेले.

एक तांबडा बैल आडवा पडला होता. गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला. डोळ्यांतून धारा लागलेल्या. महाराजांनी त्याच्याजवळ बसकण मारली आणि निर्गुडीच्या गरम पाल्यानं शेकायला सुरुवात केली. पाला लागला की बैलाच्या अंगावरून कळ सरसरत जाई.

मिरजकरांना ते बघवेना.

“औषध नाही देत याला?”

“गुरांचे डॉक्टर उद्या येणारेत. चालणारं औषध त्यांच्याकडं असतं. तोवर शेक.”

“उद्या? अहो, मरणाच्या कळा सोसतोय तो! दुखणं थांबवणारं कुठलंही इंजेक्शन द्या. मी आत्ता माणूस पाठवतो तालुक्याला. मुक्या जनावराला असं तडफडू द्यायचं म्हणजे... पाप आहे हे!”

महाराजांचा हात थांबला. त्यांनी मिरजकरांकडं पाहिलं.

“अगदी असंच म्हणालो होतो मी.”

...

“ते इंजेक्शन नवं निघालं होतं. मी टोचायला शिकलो. मग या गोठ्यात एकही जनावर कण्हत मेलं नाही. मेलं की त्या माळावर ओढून ठेवायचो. गिधाडं उतरायची. तासाभरात नुसती हाडं.”

बैल शांत झाला होता. शेकणं पुन्हा सुरू झालं.

“एक दिवस झाडावरच्या गिधाडाची मान लोंबलेली दिसली. थंडीनं असेल म्हटलं. मग दुसऱ्याची. मग पडायलाच लागली... मी एकेकाला उचलून पाणी पाजायचो. आणि गोठ्यात येऊन पुन्हा सुई भरायचो.”

“तुम्हाला कसं कळणार होतं?”

“पुढं शास्त्रज्ञांनी शोधलं. औषध मांसात उरायचं. खाणाऱ्या पक्ष्याची मूत्रपिंडं निकामी व्हायची. सरकारनं ते गुरांसाठी बंद केलं. तोवर कडा रिकामा झाला होता. आता कुठं थोडी परतू लागलीत.”

मिरजकरांनी हातातल्या कागदांकडं पाहिलं. एकवीस वेळा लिहिलेल्या त्या ओळींत त्यांनी हा म्हातारा बसवून पाहिला. मग, नकळत, स्वतःला बसवून पाहिलं.

“चला,” महाराज म्हणाले. “सकाळी एक गाय गेलीय.”

माळावर ती गाय पडली होती. दोघं एका दगडाआड बसले. कावळे आले. एक कुत्रं येऊन गेलं. ऊन चढलं. मिरजकरांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

मग मसुद्याच्या पानावरून एक सावली सरकली.

त्यांनी मान वर केली. आभाळात एक ठिपका. बघता बघता चार झाले. नऊ झाले. पंख न हलवता ते गोल गोल खाली येत होते, आणि मग आवाज आला... कुणी आभाळातच मोठं जाजम झटकावं तसा. पाय लोंबते सोडून पहिलं गिधाड त्यांच्यापासून वीस हातांवर उतरलं. पंखांचा वारा तोंडावर आला. माणूस दोन्ही हात पसरून निजला, तरी त्या पंखांना पुरला नसता.

गिधाडाचं नाव मिरजकरांनी मसुद्याच्या पहिल्या अनुसूचीत, सगळ्यात जपायच्या प्राण्यांत, स्वतः घातलं होतं. गिधाड त्यांनी आज पाहिलं.

त्यानं उघडी मान वळवून या दोघांकडं एकदा बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, ओळखही नव्हती. आपण पायांतले बूट कधी काढले, हे मिरजकरांना कळलं नाही.

त्यांनी मसुदा मिटला.

“महाराज, तुम्हाला माझं कलम लागत नाही. आणि निर्दोष म्हणून सोडायलाही माझी जीभ रेटत नाही... मी आता काय लिहू?”

महाराज गुडघ्यांवर हात टेकून उठले. बैलाकडं जायचं होतं. चार पावलं गेले आणि वळले.

“लिहा की, कायदा तर हवाच,” ते म्हणाले. “फक्त लिहिताना हात जरा थरथरू द्या.”