गोंदाईच्या पोथीचे पहिले बोल

“मग कागद कोरे का राहिले, माय?”

वैजनाथाने हे तिसऱ्यांदा विचारलं. त्याचा उजवा तळहात अजून गोंदाईच्या हातावर होता. शेजारी चाळीस कागद मांडलेले होते, कवडीने घोटून घोटून गुळगुळीत केलेले. त्यांच्यावर साधं टिंबही उमटलं नव्हतं.

म्हातारी गोंदाई खिडकीतून तळ्याकडे बघत होती.

“कागद मात्र छान घोटलेस,” ती म्हणाली.

वैजनाथाने हात काढून घेतला. त्याचा मंत्र चुकला, असं आजवर कधी झालं नव्हतं.

डोंगरावरच्या त्या लेखनमठात तीस-चाळीस लेखक दिवसभर बोरूने पोथ्या उतरवीत बसत. एका पोथीला चार महिने लागत, पाठीला बाक यायचा तो वेगळाच. वैजनाथाला मात्र एक श्वास पुरे. पोथीवर उजवा तळहात ठेवायचा, शेजारी कोरे कागद मांडायचे, पोथीचे पहिले बोल म्हणायचे आणि मग नकलमंत्र. अक्षरं मुंग्यांसारखी हलायला लागत. रांगेने निघत, वैजनाथाच्या मनगटावरून जात आणि कोऱ्या कागदावर आपापल्या जागी जाऊन बसत. मूळ पोथीतलं एक अक्षरही कमी होत नसे.

सात खोऱ्यांतली माणसं ते बघायला येत. वैजनाथ त्यांना बघू देई. आणखी एकदा बघता का, असंही वर विचारी.

पहिल्याच वर्षी त्याने एका औषधपोथीच्या चाळीस नकला एका सकाळी काढल्या होत्या. गोंदाईने त्या मांडीवर घेतल्या आणि प्रत्येकीचं सातवं पान उलटून पाहिलं. मूळ पोथीत त्या पानावर कुणा जुन्या लेखकाने डास चिरडला होता. चाळीसही नकलांत तो डास होता, तोच एक पाय मोडलेला.

“डास एकच मेला ना रे?” तिने विचारलं.

सगळा मठ हसला होता. नाकावर माशी बसू न देणारा वैजनाथ तीन दिवस कुणाशी बोलला नव्हता.

पण आजचं दुखणं निराळं होतं.

त्या मठाचा एक रिवाज होता. हात थरथरून एका ओळीत तीन अक्षरं रेघेखाली उतरली, की लेखकाने आपला बोरू तळ्यात सोडायचा. तो काठाच्या चिखलात रुजतो. तळ्याभोवतीचं बोरूचं सगळं बन असंच वाढलेलं, आणि नव्या लेखकांच्या लेखण्या त्यातूनच कापून आणत. बोरू सोडल्यापासून तिसऱ्या सकाळी धुक्यातून एक नाव येते. तिला बोलवायला कुणी जात नाही. त्या नावेत बसलेलं माणूस परत आलेलं कुणी पाहिलेलं नाही.

गोंदाईने आज सकाळीच आपला बोरू सोडला होता.

तिने आयुष्यात तीनशे अकरा पोथ्या उतरवल्या, सगळ्या दुसऱ्यांच्या. स्वतःची एक ओळ लिहिली नाही. तरी मठात सगळे म्हणत, की हिच्या पोटात एक पोथी आहे, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तयार. ती ज्याला वाचायला मिळेल, त्याला मग दुसरी पोथी लागणार नाही.

ती पोथी परवा नावेत बसून निघून जाणार होती. म्हणून वैजनाथाने आज पोथीवर ठेवायचा हात माणसावर ठेवला होता.

“मी श्री म्हटलं,” तो म्हणाला. “ओम म्हटलं. तुमचं नाव घेतलं, तुमच्या आईचं घेतलं, तुमच्या गावाचं घेतलं…”

“गावाचं नाव चुकलं. पण असू दे.”

“थट्टा नका करू, माय. पहिले बोल कळल्याशिवाय मंत्र चालत नाही. तुमच्या पोथीचे पहिले बोल कोणते, ते सांगून टाका.”

“सांगितले होते तुला.”

“कधी?”

“तू आलास त्या दिवशी.”

वैजनाथाने डोळे मिटले. सात वर्षांपूर्वीचा तो दिवस त्याला लख्ख आठवत होता. पायऱ्यांवर धुकं होतं. दाराशी गोंदाई बसली होती. आपण नमस्कार केला. मग मंत्र कुठे शिकलो ते सांगितलं, गुरूंची नावं सांगितली, वाटेत दोन गावांत नकला काढून दाखवल्या त्याचं वर्णन केलं. आपलं सगळं बोलणं त्याला शब्दन् शब्द आठवत होतं.

आणि तिचं?

“मी बोलत होतो…” तो हळूच म्हणाला.

“हो. छान बोललास.”

खिडकीतून ढगाचा एक तुकडा आत आला, कोऱ्या कागदांवरून फिरला आणि दुसऱ्या खिडकीने निघून गेला. कागद थोडे ओलसर झाले.

“माय, तुम्ही गेल्यावर मी कुणाला विचारू?” वैजनाथाने विचारलं. सात वर्षांत त्याने असं काही तिच्यापुढे म्हटलं नव्हतं. “मला भीती वाटते हो. मला एवढं येतं, तरी वाटते.”

गोंदाईने त्याच्याकडे पाहिलं.

“कागद वाळत घाल,” ती म्हणाली. “बुरशी धरेल.”

दुसऱ्या दिवशी वैजनाथाने आपल्या वह्या काढल्या. गोंदाईचं बोलणं तो रोजच्या रोज टिपून ठेवी. सात वर्षांच्या सात वह्या होत्या. शाई कशी करावी, रेघ कशी पाडावी, राग आला तर बोरू कुठे ठेवावा, सगळं त्यांत होतं. पण पहिल्या वहीचं पहिलं पान त्याच्या मुक्कामाच्या दुसऱ्या दिवसाचं होतं.

पहिल्या दिवशी टिपून घेण्यासारखं कुणी काही बोललं असेल, असं तेव्हा त्याला वाटलं नव्हतं.

तो मठभर फिरला. ज्याला त्याला विचारलं. कुणी म्हणे, माय म्हणाली असेल, शुभं भवतु. कुणी म्हणे, अक्षर ब्रह्म आहे असं काहीतरी. वैजनाथाने प्रत्येक बोल गोंदाईच्या हातावर हात ठेवून म्हणून पाहिला. ती बिचारी दर वेळी हात पुढे करी. कागद कोरेच राहत.

शेवटी तो स्वयंपाकघरात गेला. मठाचा आचारी कोंडाजी चुलीपुढे बसला होता. कोंडाजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याला दिवस आठवत ते त्या दिवशी काय शिजलं होतं त्यावरून.

“कोंडाजीकाका, मी आलो तो दिवस आठवतो?”

“न आठवायला काय झालं? कुळथाचं पिठलं होतं. भाकरी नाचणीची.”

“पिठल्याचं नाही विचारत. माय मला काय म्हणाली?”

“ते मला काय ठाऊक बाबा? मी आत होतो. माझ्या लक्षात राहिलं ते हे, की दोन ताटं वाढली होती आणि दोन्ही तशीच परत आली.”

“दोन?”

“तुझं आणि तिचं. इथली रीतच आहे ती. नवा शिष्य आला की त्याचा पहिला घास गुरूसोबत. तू ताटावर बसलाच नाहीस, सरळ लेखनघरात गेलास. मग तीही उठली.” कोंडाजीने चुलीतलं लाकूड आत सारलं. “त्यानंतर तरी कधी बसलास तिच्यासोबत? तुझं जेवण तिकडे, कागदांपाशी. एका हातात भाकरी, एका हातात पोथी.”

वैजनाथ चिडला. आपण बोल विचारतोय आणि हा माणूस पिठलं सांगतोय! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते हेच. पण कळसा ज्याच्या काखेत असतो, त्याला तो दिसतो थोडाच.

तिसऱ्या सकाळी तळं दिसेनासं झालं. धुकं पायऱ्या चढून वर आलं होतं. बोरूचं बन कुठेतरी खाली हलत होतं, त्याची सळसळ तेवढी ऐकू येत होती.

वैजनाथ पहाटेच डोंगराच्या पायथ्याशी उतरला होता. त्याने शेवटचा उपाय काढला होता. सात वर्षांपूर्वी आलो तसंच पुन्हा यायचं. त्याच पायऱ्या, तीच वेळ. पाय चालतील तिथे आठवणही चालेल.

काखेत त्याने कोऱ्या कागदांचं बाड घेतलं होतं.

तो चढू लागला. धुक्यात त्याला आपलेच पाय दिसत नव्हते. शंभर पायऱ्या झाल्या, दोनशे झाल्या. सात वर्षांपूर्वी चढताना तो मनातल्या मनात भाषण घोकत होता, ते आठवलं. ते भाषण आता पुन्हा ओठांवर आलं आणि त्याला त्याची लाज वाटली. ते त्याने तिथेच सोडून दिलं. ओठ मोकळे झाले. मग आपल्या धापेचा आवाज त्याला ऐकू आला, बनाची सळसळ ऐकू आली, आणि पोटात खड्डा पडलाय हेही कळलं.

काल दुपारपासून त्याने काही खाल्लं नव्हतं. सात वर्षांपूर्वीही खाल्लं नव्हतं. दोन दिवस चालत आला होता तो, उपाशी.

वर कोंडाजीची चूल पेटली असावी. कुळीथ भाजल्याचा वास धुक्यात मिसळून खाली येत होता.

शेवटची पायरी आली. दाराशी गोंदाई बसली होती, निघायचं लुगडं नेसून, डोळे मिटून. नेमकी तिथेच, जिथे तेव्हा बसली होती.

वैजनाथ थबकला.

आणि त्याला ऐकू आलं… आधी आवाज, मग शब्द. धुक्यातून वर आलेल्या, धापा टाकणाऱ्या एका पोराकडे बघत एक बाई म्हणाली होती, “भूक लागली असेल.”

आणि तो पोरगा म्हणाला होता, “मी अन्नासाठी आलेलो नाही. विद्येसाठी आलोय.”

वैजनाथाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्याने ते पुसलं नाही. सात वर्षं ही बाई रोज जेवणवेळी लेखनघराच्या दाराशी येऊन उभी राहायची. तो म्हणायचा, आलोच, एवढी पोथी झाली की. ती निघून जायची. काय विचारायला येत होती, हे त्याने कधी विचारलंच नाही.

खाली तळ्यावर वल्ह्याचा आवाज झाला. एकदा. मग पुन्हा.

पहिले बोल मिळाले होते. वेळही होता, एका श्वासाचाच तर मंत्र! वैजनाथ घाईने तिच्यापुढे गुडघे टेकून बसला. कागदांचं बाड सोडलं, शेजारी मांडलं. उजवा तळहात तिच्या हातावर ठेवला.

तो हात गार होता. हलका होता. बोरू सोडलेली बोटं अजून तशीच वाकलेली होती, लिहायला बसल्यासारखी. आणि पहाटेपासून ही इथे गारठ्यात बसली आहे, हे त्याला आत्ता दिसलं.

त्याने तोंड उघडलं.

“भूक लागली असेल…” तो म्हणाला.

पुढे मंत्र म्हणायचा होता. तो त्याने म्हटला नाही. विसरला, की त्याला म्हणावासा वाटला नाही, हे त्याला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. तो नुसता तिच्या तोंडाकडे बघत राहिला, उत्तराची वाट बघत.

वारा आला. कागद एकेक करून उठले आणि पायऱ्यांवरून धुक्यात उतरून गेले. त्यांच्यावर काही उमटलं होतं का, ते कुणी पाहिलं नाही.

नाव काठाला लागल्याचा आवाज आला.

गोंदाईने डोळे उघडले.

“लागलीय रे,” ती म्हणाली. “वाढ. आणि तूही बस.”