ओघाने आले

आंबवणच्या उतारावरून वाहणाऱ्या ओढ्याला तिथली माणसे ओघ म्हणतात. डोंगर पाहायला आलेल्यांना म्हातारे हरबा दरडीवर बसवतात, आधी स्वतः दम घेतात, मग बोलतात. एका गोष्टीमागून दुसरी आपसूक आली की ती ‘ओघाने आली’ असे आपण सगळेच म्हणतो. त्या बोलण्याची आंबवणात मात्र वेगळी कथा आहे.

फार पूर्वी लागोपाठ पावसाळे कोरडे गेले. वरच्या आंबवणात गोंदजी हा गावचा कारभारी. रानातले कंदही संपले होते. लोक त्याच्या दारात नुसते बसून राहत. मागायचेही त्राण नव्हते. शेवटी त्याने विषारी साल ठेचून वरच्या डोहात कालवली. मासे पांढरी पोटे वर करून तरंगले. भाजले की त्यांतले विष उतरते; त्या दिवशी गाव जेवले. गोंदजी भिंतीला टेकला तो तसाच झोपला म्हणे.

खालच्या आंबवणात त्याची लेक भागू दिली होती. दुसऱ्या दिवशी टळटळीत उन्हात ती चढ चढून आली.

“बा, तुझी नात गेली. ओढ्याचं पाणी प्याली होती.”

गोंदजी म्हणाला, “अगं, मी माशांसाठी टाकलं. खाली कुणाचं वाईट नव्हतं चिंतलं.”

“ठाऊक आहे. तू नाही धाडलंस. ते ओघानं आलं.”

तिने टाहो फोडला नाही. तेवढे बळच नव्हते. उंबऱ्यावर जरा टेकली आणि पाणी न पिताच उतरून गेली.

तेव्हापासून गोंदजीने वरचे पाणी तोंडाला लावले नाही, असे सांगतात. तहान लागली की खालच्या पाणवठ्यावर उतरायचा, ओंजळभर प्यायचा, पुन्हा चढायचा. म्हातारपणी गुडघे गेले. लोक म्हणाले, आम्ही आणून देतो. “आणलेलं नको,” तो म्हणे, “तिथं जाऊनच प्यायला हवं.” भागू त्याच्याशी बोलत नसे. पण पुढे पुढे तो दिसला की कळशी सरकवून जागा करून देई. एके दिवशी तिथेच ओंजळ भरताना तो खाली बसला, तो उठलाच नाही.

आजही वरच्या आंबवणात कुणाला ओढ्याकाठी गोठा बांधायचा असेल, नाहीतर धुण्याचा दगड मांडायचा असेल, तर तो आधी खाली उतरतो, तिथले पाणी पितो, पाणवठ्यावरच्या बायका काय म्हणतात ते ऐकून घेतो. मग परततो. चढ उभा आहे. वर पोहोचेपर्यंत कित्येकांचा बेतच गळून पडतो.