खिंडीच्या अलीकडे

“...मग उद्या खिंडीतून सरळ जावं, की नदीकाठानं वळसा घ्यावा?”

शार्दूलनं विचारलं. सोमगिरी महाराज त्याच्या मुलीकडे बघत होते.

शार्दूल देवस्थळी गेली दहा वर्षं दर उन्हाळ्यात हिमालयातल्या या मठात येत असे. डोंगर चढायला तो महाराजांकडूनच शिकला होता. या खेपेला त्यानं सहा वर्षांच्या जुईला आणलं होतं. पंधरा हजार फुटांवरची खिंड ती स्वतःच्या पायांनी ओलांडणार, असं तो घरी सगळ्यांना सांगून आला होता. बायको नको म्हणत होती, तरी.

जुई चुलीपाशी बसली होती. वाटीतला सकाळचा भात तसाच होता.

थकली असेल, शार्दूल म्हणाला. चार दिवस चालतेय, पण कुरकुर म्हणून नाही. वाटेत जो भेटेल त्याला तो हे सांगत आला होता, तिच्यादेखत.

“एकदाही नाही?”

“एकदाही नाही, महाराज.”





मग महाराज उठून जुईशेजारी जाऊन बसले. बसताना कण्हले. शार्दूल चमकला. दहा वर्षांत त्यानं त्यांना कण्हताना ऐकलं नव्हतं.

“माझे गुडघे फार दुखतात गं,” ते जुईला म्हणाले. “सकाळी तर उठवत नाही. कुणाला सांगायची लाज वाटते.”

जुईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग बाबांकडे. मग महाराजांच्या कानाशी तोंड नेलं. खोली लहान होती. शार्दूलला सगळं ऐकू आलं.

“माझं डोकं दुखतंय. परवापासून. बाबांना सांगू नका.”

 एवढ्या उंचीवर डोकं दुखणं म्हणजे विरळ हवा बाधल्याची खूण, हे शार्दूल जाणून होता. न सांगता वर चढत राहिलेल्यांचं काय होतं, तेही.

सामान तिथंच टाकून त्यानं जुईला पाठीवर बांधलं आणि तो उतरायला लागला. महाराज काठी घेऊन मागोमाग निघाले. नको म्हटलं तरी ऐकेनात.

दर दहा पावलांना तो तिला हाक मारायचा. ती “हं” म्हणायची.

एकदा “हं” आलं नाही...

तो मटकन खाली बसला. गाठ सोडताना बोटं चालेनात. महाराजांनीच ती सोडली, पोरीचे गाल चोळले. तिनं डोळे उघडले. झोप लागली होती, एवढंच. त्यानं तिला पुन्हा पाठीवर घेतलं, पण या वेळी हाका दर पाच पावलांना.

देवदार दिसू लागले तशी ती आपणहून बोलायला लागली. ऊन कलता कलता तिघं नदीकाठच्या गावात पोचले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासलं. वेळेवर आणलंत, म्हणाले. आता वर नेऊ नका. तासाभरात जुईनं दोन पोळ्या खाल्ल्या आणि अंगणातल्या करडामागं पळायला लागली.

शार्दूल पायरीवर बसून होता. 

“महाराज, पुढं कधी तिला काही दुखलं, तर ती मला सांगेल ना? त्यासाठी मी काय करू?”

महाराज काठी टेकत त्याच्याशेजारी पायरीवर बसले.

“तुला काय दुखतं, ते तिला कधी सांगितलंयस?”