तळघरातलं पिंप

डोंगरउतारावर द्राक्षांचे मळे नवे नवे होते, तेव्हाची ही गोष्ट. गोंदाजी कंदील घेऊन वाइनचं तळघर पाहायला उतरला, मागोमाग त्याचा कुत्रा बुरक्या.

खाली आंबणाऱ्या द्राक्षरसानं फसफसणारं पिंप बुरक्याला हळूच म्हणालं, "दमलास ना? टेक अंग. इथं निजलेल्याला कुणी उठवत नाही."

पिंपाच्या बुडाशी एक मांजर निजलं होतं. त्याचं पोट हलत नव्हतं. बुरक्याचेही पाय लुळे पडू लागले. त्यानं धन्याचं धोतर दातांत धरून ओढलं.

"सोड! काय झालंय तुला?" म्हणत गोंदाजी वाकला. जमिनीजवळ जाताच कंदील वाऱ्याशिवाय विझला.

आंबत्या रसातून निघालेली जीवघेणी हवा जमिनीलगत साचलीय, हे गोंदाजीनं ओळखलं. बुरक्याला उचलून तो पायऱ्या चढत सुटला.

मागून पिंप शांतपणे म्हणालं, "जा बाबांनो. द्राक्षं दरवर्षी पिकतात."