पुसलेली रेषा

खानविलकर सर पंच असले की कबड्डीच्या मैदानावर कोणी ब्र काढत नसे. मुलींच्या अंतिम सामन्यात कुंदा शेवटच्या चढाईत गुण घेऊन परतली आणि सरांची शिट्टी वाजली.

"बाद. रेषा तुडवून बाहेर गेलीस. ही बघ, चुन्याची फक्की पुसलीय."

पंचांशी फक्त कर्णधाराने बोलायचं असतं. कुंदाच्या संघाची कर्णधार शलाका पुढे आली आणि तिने हात जोडले.

"सर, जिने रेषा तुडवली तिच्या पायाला फक्की लागली असेल ना?"

"लागणारच."

कुंदाने अनवाणी पायाचा तळवा दाखवला. नुसती लाल माती.

"मग रेषा पुसली कोणी?" सर गरजले.

"ज्याच्या पायाला फक्की असेल त्याने, सर. सगळ्यांचेच पाय बघू या."

सरांची नजर आपल्या काळ्या बुटांवर गेली. टोकं पांढरी झाली होती. ते आधी रेषेपासून मागे सरकले, मग त्यांनी गुण दिला.